बक्षीसपत्रातली एक ओळ

एलएलबीच्या शेवटच्या वर्षातला एक पेपर परीक्षा हॉलमध्ये बसून लिहायचा नसतो. वर्षभर हिंडून, ऐकून, उभं राहून तो पुरा करायचा. तीन मूट कोर्ट, म्हणजे कल्पित खटल्यावर कोर्टासारखा सरावाचा युक्तिवाद, प्रत्येकी १० गुण. एक दिवाणी आणि एक फौजदारी असे दोन खटले कोर्टात बसून पाहायचे, त्याचे ३०. दोन पक्षकारांच्या मुलाखती ऐकून डायरीत उतरवायच्या, त्याचे १५. अर्ज किंवा दावा तयार होऊन दाखल होईपर्यंत काय काय घडतं ते पाहून लिहायचं, त्याचे आणखी १५. उरलेले १० तोंडी परीक्षेचे. बार कौन्सिलने २००८ च्या नियमांतच ही वाटणी घालून दिली आहे. वर्गात बहुतेकांना हा पेपर हातचा वाटत होता. मलाही वाटत होता. पण मूटच्या तयारीपेक्षा मुलाखतीच्या १५ गुणांनी माझं वर्ष व्यापून टाकलं, आणि लिहायचं आहे ते त्याच्याबद्दलच.

आधी माझं सांगते, कारण त्याचा या गोष्टीशी संबंध आहे. मी त्रेचाळीस वर्षांची. गेली चौदा वर्षं सिव्हिल लाइन्समधल्या एका दुकानात दस्त टाइप करते. खरेदीखत, भाडेकरार, हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, काय येईल ते. लोक कागदपत्रांची पिशवी घेऊन येतात, मी जुनी फाइल उघडते, नावं बदलते, आधार नंबर बदलते, चतुःसीमा बदलते, प्रिंट काढून देते. तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीला वरची वयोमर्यादा नाही हे मला एका गिऱ्हाइकाकडूनच कळलं. २०२२ साली परीक्षा दिली, नंबर लागला. सकाळी कॉलेज, अकरापासून दुकान. वर्गातली मुलं माझ्या मुलाच्या वयाची. पहिल्या आठवड्यातच सगळ्यांची मी ताई झाले.

आमच्या बॅचच्या वाट्याला एक वेगळीच गोष्ट आली. १८६० ची भारतीय दंड संहिता आम्ही कलमांसकट पाठ केली, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तीनशे दोनची एकशे तीन झाली, चारशे वीसची तीनशे अठरा. जुने गुन्हे जुन्याच कायद्याने चालणार, म्हणून पिशवीत दोन्ही पुस्तकं. पाठांतराचा भरवसा किती धरायचा हे त्या वर्षी कळलं.

कॉलेजच्या विधी सहाय्य केंद्राला लायब्ररीशेजारची एक खोली आहे. दोन टेबलं, एक कपाट, एक नोंदवही. दर शनिवारी दुपारी आम्ही चौघं-पाच जण आणि आमच्या मॅडम तिथे बसायचो. मॅडमनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बजावल्या. एक, तुमच्याकडे वकिलीची सनद नाही, तेव्हा सल्ला द्यायचा नाही. जे सांगायचं ते मी सांगेन. दोन, माणूस बोलायला लागला की पहिली दहा मिनिटं पेन उचलायचं नाही.

२०२४ चे गणपती उठल्यानंतरच्या शनिवारी आजी आल्या. सोबत लेक होती, पण ती दाराशीच थांबली. आजींचं वय एकाहत्तर. हातात कापडाच्या दुकानाची पिशवी, तिच्यात लाइटबिल, रेशनकार्ड, गोळ्यांची अर्धी संपलेली पाकिटं, आणि एम्प्रेस मिलचा एक जुना पिवळा पडलेला पास, त्यावर मालकांचा, म्हणजे आजींच्या नवऱ्याचा, फोटो. मालक मिलमध्ये होते. मिलच्या पगारातून पूर्व नागपुरात हजार फुटांचा प्लॉट घेतला, नागपूर सुधार प्रन्यासचं, म्हणजे नासुप्रचं, प्लॉट नियमित केल्याचं आरएल पत्र मिळेपर्यंत चपला झिजवल्या, एकेक खोली करत घर बांधलं. मालक गेल्यावर आजींनी ते घर मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून दिलं.

मला वाटलं, आता घराचं सांगतील. त्या सिलिंडरचं सांगायला लागल्या.

“खालचा सिलिंडर वर नेला. म्हणे दोन गॅस कायले पाह्यजे? तवापासून माह्या घरात मले चहा मांगून प्या लागते.”

पुढची पाच मिनिटं सिलिंडरच. कोणत्या दिवशी नेला, कोणी उचलला, खाली शेगडी तशीच राहिली, तिच्यावर सुनेनं पेपरची रद्दी ठेवली. माझ्या शेजारचा मुलगा चुळबुळत होता. मॅडम हलल्या नाहीत. मग आजी आपोआप बोलत्या झाल्या. मार्चमध्ये ताप आला, दोन दिवस वरून कोणी उतरलं नाही, तिसऱ्या दिवशी लेक येऊन मानेवाड्याला घेऊन गेली. परत आल्या तर खालच्या खोलीला दुसरं कुलूप. त्यानंतर कोणीतरी अर्ज करून देतो म्हणून चार हजार रुपये घेतले आणि हातात फक्त एका नोटिशीची झेरॉक्स ठेवली. तो कागद आम्ही पाहिला. त्यावर ना तारीख होती, ना आवक क्रमांक.

त्या गेल्यावर मी डायरीत लिहिलं: ‘अर्जदाराने स्थावर मिळकत मुलाच्या नावे केली असून मुलगा सांभाळ करण्यास टाळाटाळ करीत आहे.’ सराईत वाक्य. चौदा वर्षांच्या हाताला अशी वाक्यं विचार न करता येतात. मॅडमनी वाचलं आणि विचारलं, “हे आजी बोलल्या?”

मी म्हटलं, अर्थ तोच आहे.

“अर्थ तुमचा आहे. त्या काय बोलल्या ते लिहा.”

मी पान फाडलं नाही, त्याच्याखालीच परत लिहिलं. सिलिंडर, शेगडी, रद्दी, ताप, तिसरा दिवस, कुलूप. लिहिताना माझ्या लक्षात आलं की पहिल्या वाक्यात एकही तारीख नव्हती, एकही वस्तू नव्हती, समोरच्याला नाकारता येणार नाही असं काहीही नव्हतं. दुसऱ्या पानावर सगळं तेच होतं.

आता कायद्याचं थोडं सांगते. घराघरांत ज्यांना याची गरज आहे त्यांच्यापर्यंत हा कायदा अजून पोचलेला नाही, असं मला मनापासून वाटतं. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी २००७ चा स्वतंत्र कायदा आहे. साठीच्या पुढच्या माणसाला स्वतःच्या उत्पन्नात भागत नसेल तर तो मुलांविरुद्ध अर्ज करू शकतो. आईवडिलांना तर साठीचीही अट नाही. अर्ज ऐकतं ते उपविभागीय अधिकाऱ्याचं न्यायाधिकरण, म्हणजे दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. स्वतःला जमत नसेल तर दुसऱ्या माणसाला किंवा संस्थेला अधिकार देऊन त्यांच्यामार्फत करता येतो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा, फार तर ३० दिवस वाढवून. रक्कम महिन्याला १०,००० पर्यंत. चरितार्थ म्हणजे काय तेही कायद्यातच लिहिलं आहे: अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार. पोटगीसाठी आईवडिलांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालीही कोर्टात जाता येतं, पण दोन्हींपैकी एकच रस्ता धरावा लागतो.

कलम १७ असं आहे की या न्यायाधिकरणापुढे पक्षकाराला वकील लावता येत नाही. आजींना आपलं आपणच बोलायचं होतं.

आणि कलम २३. ज्येष्ठ नागरिकाने मालमत्ता दिली, ती घेणाऱ्याने त्याच्या मूलभूत गरजा भागवाव्यात या अटीवर दिली, आणि घेणाऱ्याने ते केलं नाही, तर तो व्यवहारच फसवणुकीचा मानून रद्द करता येतो. सगळं अडतं ते ‘या अटीवर’ याच शब्दांवर. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२२ च्या एका निकालात सांगितलं की अट असल्याशिवाय हे कलम लागू होत नाही.

म्हणून आजींचं बक्षीसपत्र वाचायला घेतलं. सात पानं. पहिलं पान उघडलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. मजकूर मला तोंडपाठ होता. ‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’, ‘प्रेमापोटी व आपुलकीपोटी’, ‘कोणताही मोबदला न घेता’, ‘आजपासून सदर मिळकतीवर लिहून देणार यांचा कोणताही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही’. मी असे किती टाइप केले असतील याचा हिशेब नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून राहतं घर मुलामुलींना, नातवंडांना बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. तेव्हापासून आमच्या दुकानात बक्षीसपत्रांची रीघ लागली. आई खुर्चीवर बसलेली, मुलगा उभा, सून कागद धरून. मी मुलाला विचारायचे, क्षेत्रफळ किती, घर टॅक्सची पावती आणली का. आईला विचारायचे ते एवढंच: सही करता की अंगठा.

मी शेवटचं पान उलटून पाहिलं. दस्त आमच्या दुकानातला नव्हता. हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लगेच लाज वाटली. आमच्या दुकानातून गेलेले दस्त याहून वेगळे थोडेच होते.

सांभाळ करण्याची अट कुठेच नव्हती. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं. पाचव्या पानावर, चतुःसीमेच्या आधी, एक ओळ सापडली: ‘लिहून देणार ह्या हयात असेपर्यंत सदर घराच्या तळमजल्यावर राहतील व त्यास लिहून घेणार कधीही हरकत घेणार नाहीत.’

नेहमीच्या नमुन्यात अशी ओळ नसते. पुढच्या शनिवारी आजींना विचारलं, ही कोणी घालायला सांगितली होती?

“कोणीच नाही. टाइप करणारी पोरगी होती, तिनं इचारलं, आजी, तुमी कुठं राहान? मी म्हटलं, कुठं राहीन वं, खालीच राहीन. तिनं लिहून टाकलं.”

मी त्यावर काही बोलू शकले नाही. चौदा वर्षांत हा प्रश्न माझ्या तोंडून एकदाही निघाला नव्हता. माझ्याचसारखी कोणी बाई, माझ्याचसारख्या खुर्चीवर, तेवढ्याच पगारावर बसलेली. तिने एक प्रश्न विचारला होता आणि उत्तर टाइप केलं होतं.

अर्ज लिहायला तीन शनिवार लागले. आमच्यातल्या दोघांचा आग्रह होता की कलम २३ लावून बक्षीसपत्रच रद्द मागावं. मॅडमनी आजींना दोन्ही बाजू सांगितल्या, शांतपणे, कोणताही शब्द न टाळता. आजींनी आठवडा घेतला. आल्या आणि म्हणाल्या, “त्याचं नाव काढू नका. नातवाचं घर हाय थे. मले खालची खोली पाह्यजे अन् गोळ्याचे पैसे.” ज्या मुलाने रद्द मागण्याचा आग्रह धरला होता तो नाराज झाला. मॅडम त्याला एवढंच म्हणाल्या की प्रकरण आजींचं आहे. अर्जात निवारा आणि चरितार्थ मागितला, पाचव्या पानावरची ती ओळ जशीच्या तशी उतरवली, आणि कलम २३ खालचा हक्क राखून ठेवतो असं एक वाक्य शेवटी घातलं.

तयार अर्ज मी आजींना मोठ्याने वाचून दाखवला. दुसऱ्याच ओळीला त्यांनी हात वर केला.

“गैरअर्जदार म्हंजे?”

म्हटलं, समोरची बाजू. तुमचा मुलगा.

“माह्या पोराले गैर कायले म्हणता?”

मथळ्यात तो शब्द ठेवावा लागला, तो नमुन्याचा भाग आहे. पण आतल्या मजकुरात सगळीकडे ‘माझा मुलगा’ केलं. चौदा जागा होत्या. मॅडम म्हणाल्या, वाचणाऱ्या अधिकाऱ्यालाही हेच बरं वाटेल.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज दिला. वयाचा पुरावा, आधारची प्रत, बक्षीसपत्राची प्रत, दवाखान्याची बिलं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. आजींनी तो शिक्का दोनदा बोटाने चाचपला. आधीच्या चार हजारांच्या कागदावर हाच नव्हता.

मग थांबणं सुरू झालं. विधानसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली, २० नोव्हेंबरला मतदान, आणि महसुलाचे सगळे अधिकारी निवडणुकीच्या कामात. ते संपतं न संपतं तोच डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन, सिव्हिल लाइन्समध्ये जिकडेतिकडे बॅरिकेड्स, झिरो माइलपासून चालत जावं लागायचं. यात कोणाची चूक नव्हती. पण कायद्यातले ९० दिवस नोटीस बजावल्यापासून मोजतात, आणि नोटीस निघण्याआधी म्हातारं माणूस किती दिवस थांबतं ते कुठेच मोजलं जात नाही, हे मला तेव्हा कळलं. आजी दर शनिवारी सुनावणीचं विचारायला फोन करायच्या. “लागली का पेशी?”

या मधल्या काळात मी दोन खटले पाहिले. फौजदारी मारहाणीचा होता, त्यात उलटतपासात एका साक्षीदाराला वकिलांनी फक्त उजेड किती होता हे विचारत विचारत पार उलटं करून ठेवलं. दिवाणी दावा सामाईक भिंतीचा. सहापैकी चार तारखांना पुढची तारीख मिळाली. डायरीत तेही लिहिलं.

मूटचा प्रॉब्लेम जानेवारीच्या शेवटी आला. वाचला आणि गप्प झाले. सत्तरीची आई, मुलाला दिलेलं घर, बक्षीसपत्रात अटीचा उल्लेख नाही, न्यायाधिकरणाने कलम २३ खाली दस्त रद्द केला, मुलगा हायकोर्टात. चिठ्ठ्या काढल्या. माझ्या वाट्याला मुलगा आला.

मी सरांकडे गेले, बाजू बदलून द्या म्हटलं, कारणही सांगितलं. सर सकाळी आम्हाला शिकवतात आणि दुपारी कोर्टात उभे राहतात. नागपुरात ही रीत जुनी आहे. पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले मोहम्मद हिदायतुल्ला १९३५ ते १९४३ या काळात वकिली सांभाळून इथल्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ लॉमध्ये शिकवत होते. सरांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाजू बदलून मिळणार नाही. आणि तुमच्या आजींसाठीच सांगतो, मुलाची बाजू नीट मांडा.”

तेव्हा ते कठोर वाटलं. नंतर रात्री जेवणं झाल्यावर मुलाच्या बाजूने लिहायला बसले तेव्हा उलगडत गेलं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १२६ म्हणतं की बक्षीस दिलेली वस्तू देणाऱ्याच्या मर्जीवर परत घेता येत नाही. ते योग्यही आहे. नोंदणी झालेल्या दस्तावर लोक कर्ज काढतात, घर वाढवतात, मुलींची लग्नं ठरवतात. उद्या कोणीही उठून ‘माझ्या मनात अट होती’ म्हणालं तर दस्ताला अर्थ काय उरला? हे मी कागदावर लिहिलं तेव्हा मला ते पटत होतं. आणि ते पटतंय म्हणूनच आजींचा मुलगा काय म्हणेल हेही दिसायला लागलं. तो म्हणणार, आई स्वतःहून बहिणीकडे गेली. तो म्हणणार, मी हप्ते भरतो. तो म्हणणार, दस्तात पैसे द्यायचं कुठे लिहिलंय?

समोरच्या टीमकडे नवा निकाल होता. २ जानेवारी २०२५ चा, सुप्रीम कोर्टाचा, मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या एका आईच्या प्रकरणातला. हा कायदा ज्येष्ठांच्या भल्यासाठी आहे, त्याचा अर्थ उदारपणे लावायचा, आणि न्यायाधिकरण घराचा ताबाही परत देववू शकतं, असं त्यात ठरलं. मी तो निकाल पूर्ण वाचला. त्या प्रकरणात मुलाने सांभाळ करीन असं वेगळं वचनपत्र लिहून दिलं होतं. आमच्या प्रॉब्लेममध्ये तसं काहीच नव्हतं. माझा सगळा युक्तिवाद त्या फरकावर उभा राहिला.

वर्गातल्या मूटला सरांनी मराठीत बोलायची मुभा दिली होती. ती सगळ्याच कॉलेजांनी द्यावी असं माझं ठाम मत आहे. हायकोर्टात इंग्रजी चालतं, पण जिल्ह्यातल्या आणि तालुक्यातल्या कोर्टांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना १९९८ सालची आहे, आणि आमच्यातली बहुतेक मुलं उभी राहणार ती तिथेच. समोर एक निवृत्त न्यायाधीश आणि दोन वकील. माझी दहा मिनिटं. चौथ्या मिनिटाला न्यायाधीशांनी थांबवलं.

“प्रेमापोटी दिलेल्या घरात प्रेम हीच अट नाही का?”

घशाला कोरड पडली. डोळ्यांपुढे पिवळा पास आणि शेगडीवरची रद्दी. म्हटलं, “महोदय, प्रेम कोर्टाला मोजता येत नाही. म्हणून कायदा लिहिलेलं मागतो. आणि जे लिहून घ्यायला हवं होतं ते लिहिलं गेलं नाही, तर दोष मुलाइतकाच दस्त लिहिणाऱ्याचाही आहे.” शेवटचं वाक्य माझ्या टिपणात नव्हतं. वकिलांपैकी एकाने वर पाहिलं. आम्ही हरलो. मला १० पैकी ८ मिळाले.

तोवर आजींची पेशी लागली होती. वकील नाही, म्हणून दोन शनिवार आम्ही तयारी करून घेतली. मी मुलगा झाले. मूटसाठी लिहिलेलं सगळं त्यांना नागपुरीत ऐकवलं. पहिल्यांदा आजी रडल्या. दुसऱ्यांदा चिडल्या. तिसऱ्यांदा त्यांनी शांतपणे सांगितलं की मी गेली नाही, मले नेलं, ताप होता, अन् मी आली तं कुलूप दुसरं होतं. तेवढंच हवं होतं.

आधी समेट अधिकाऱ्यांकडे पाठवलं होतं. आम्हाला मागच्या बाकावर बसू दिलं. मुलगा पस्तिशी-चाळिशीचा, थकलेला दिसला. मी ज्या माणसाचा राग धरून आले होते तसा तो दिसत नव्हता. हप्त्यांचं सांगत होता, आणि ते खोटं नव्हतं. सून म्हणाली, खाली पाणी येत नाही, वरून आणावं लागतं, रोज भांडण होतं. मग अधिकाऱ्यांनी बक्षीसपत्र मागितलं, पाचवं पान काढलं आणि ती ओळ मोठ्याने वाचली. ‘हयात असेपर्यंत सदर घराच्या तळमजल्यावर राहतील.’ मुलाला विचारलं, ही सही तुमची?

“हो.”

“मग कुलूप कोणाचं?”

तो काही बोलला नाही. आजी त्याच्याकडे न पाहता अधिकाऱ्यांना म्हणाल्या, “त्याले रागावू नका, साहेब. अन् सिलिंडर खाली आणून द्याले सांगा.” हे आम्ही शिकवलेलं नव्हतं.

समेटाचा कागद झाला. तळमजल्याची खोली, वेगळी शेगडी आणि सिलिंडर, महिन्याच्या ५ तारखेपर्यंत चार हजार रुपये आजींच्या खात्यात, दवाखान्याचं बिल वेगळं. मार्चमध्ये न्यायाधिकरणाने त्यावर आदेश केला. ताप येऊन बरोबर वर्ष झालं होतं. आम्ही सोडायला गेलो नाही, तो आमचा भाग नव्हता. लेकीने नंतर सांगितलं की कुलूप मुलानेच काढलं. घरात सगळं गोड झालं का, तर नाही. एका महिन्यात पैसे ११ तारखेला आले. आदेश मोडला तर वॉरंट निघू शकतं हे आजींना माहीत आहे. त्यांनी अजून तरी तसं काही मागितलेलं नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझी डायरी चाळली आणि त्या पानावर थांबले. वर सराईत वाक्य, खाली सिलिंडर. दोन्ही का ठेवलं, विचारलं. सांगितलं. त्यांनी पुढचे प्रश्न सगळे दस्तांवरच विचारले.

माझा निकाल लागला. आता सनदेची कागदपत्रं आणि ऑल इंडिया बार एक्झाम. दुकान अजून सुटलेलं नाही, हप्ते मलाही आहेत. पण दुकानातल्या कॉम्प्युटरवर ‘बक्षीसपत्र नमुना’ नावाची जी फाइल आहे, तिच्या पाचव्या पानावर मी मालकांना विचारून एक कलम घातलं आहे: ‘लिहून घेणार हे लिहून देणार यांना हयातभर अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार पुरवतील या अटीवर सदर बक्षीस देण्यात येत आहे.’ ते काढायचं असेल तर काढता येतं. दोनजण ते वाचून उठून गेले, शेजारच्या दुकानात गेले असतील. मालक काही बोलले नाहीत.

परवा एक काका आले, मुलगा सोबत. मुलाने पिशवीतून कागद काढले, घर टॅक्सची पावती, आरएल पत्र, सगळं नीट लावलेलं. मी क्षेत्रफळ विचारलं, वारसांची नावं विचारली. मग खुर्ची थोडी वळवली.

“काका, तुम्ही कुठं राहाल?”

त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने माझ्याकडे. बाहेर कोणीतरी झेरॉक्सचे पैसे मोजत होतं.

“मागच्या खोलीत,” काका म्हणाले. “तिथं उजेड आहे.”

मी टाइप केलं.